सातवं डोकं

चिंचवली फाट्यावरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत केशरचना विभागाच्या सहा डमी मुंडक्यांनी प्राचार्यांकडे तक्रार केली, की हुलसुरे मॅडम फार कंटाळवाणं शिकवतात.

तक्रार तोंडी होती. प्राचार्य सोनकवडे यांनी ती लेखी मागितली, तेव्हा चार नंबरच्या मुंडक्याने आपल्याला हात नसल्याचं त्यांच्या निदर्शनास आणलं. सरांनी नियम चाळले. जडसंग्रहातल्या वस्तूने, म्हणजे खुर्च्या, कपाटं, मुंडकी वगैरेंनी, तक्रार करू नये असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. उलट वर्गात पूर्ण हजेरी होती ती या सहाजणींचीच. मुलींपैकी निम्म्या तर एसटीच्या मर्जीनुसार शिक्षण घेत. तेव्हा तक्रार दाखल झाली आणि मॅडमना बोलावणं गेलं.

ज्योत्स्ना हुलसुरे तासिका तत्त्वावर होत्या. जेवढे तास शिकवले तेवढाच पगार, आणि दर जूनमध्ये नेमणूक मिळाली तर मिळाली. कधीतरी आपण कायम होऊ या आशेवर त्यांनी लग्नानंतरची सगळी वर्षं काढली होती. त्या लगेच सरांच्या खोलीत आल्या.

"सर, मुंडक्यांचं काय ऐकायचं?"

"मॅडम, अभिप्राय तो अभिप्राय. सोमवारी मी स्वतः तासाला बसतो. मग जूनचं बघू."

मॅडम तडक वर्गात आल्या आणि कमरेवर हात ठेवून चार नंबरसमोर उभ्या राहिल्या. चार नंबरची अवस्था बघवत नव्हती. एका बाजूला केस कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला नुसती जाळी.

"काय खुपलं गं तुला?"

"बाई, तुम्ही पुस्तक वाचता, मुली लिहितात," चार नंबर म्हणाली. "शेवटी तुम्ही विचारता, समजलं का. त्या एका सुरात म्हणतात, हो मॅडम. तुम्ही चहाला जाता. मग कात्री आमच्यावर चालते. त्यांना काय समजलंय ते तुमच्याआधी आम्हाला कळतं."

 बाकीच्या पाचजणींकडे एकदा बघितलं तरी पुरे होतं.

मॅडम काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी गटचर्चा घेतली. मोगरा गटाने जाई गटातल्या एकीच्या ठरलेल्या लग्नाची चर्चा केली आणि ती रंगली. मग प्रश्नमंजूषा घेतली. दोन नंबरने जांभई दिली. ती तिने आवरायचा प्रयत्न केला, हे मॅडमना जास्त लागलं.

सोमवारी सोनकवडे सर मागच्या बाकावर येऊन बसले. विषय लेयर कटचा होता. मॅडमनी तो पुस्तकातून नीट, स्पष्ट उच्चारात वाचला आणि विचारलं, "समजलं का?"

"हो मॅडम," सगळ्या मुली म्हणाल्या. सरही म्हणाले.

"नाही," सहाजणी म्हणाल्या.

मॅडमचा तोल सुटला. "मग काय करू आता? माझं डोकं देऊ?"

"द्या," चार नंबर म्हणाली.

मॅडमची वेणी कमरेखाली रुळायची. सासरच्यांनी पसंती कळवताना तिच्याखेरीज कशाचंच कौतुक केलं नव्हतं. मॅडमनी क्षणभर ती हातात धरली. मग चार नंबरला स्टँडवरून उतरवून बाजूला ठेवलं, खुर्ची ओढली, वेणी सोडली आणि शबनम बागवानला पुढे बोलावलं. वर्गात 'हो मॅडम'चा सगळ्यात मोठा आवाज तिचा असे.

शबनमने कात्री उघडली. मग मिटली.

"मॅडम, खरं सांगू का? मला काहीच नाही समजलं. ते कोन कोन म्हणतेत ते काय असतंय?"

"कधीपासून नाही समजलं?"

"पहिल्यापासून."

मॅडमना राग यायला हवा होता. पण आली ती भीती, आणि भीतीच्या भरात त्या शिकवू लागल्या. "अगं, आधी भाग पाड. आता बट धर आणि वर उचल. किती वर उचलतेस त्याला कोन म्हणायचं, त्यावर थर ठरतो. ओढू नको गं, ते उगवलेले आहेत." मुली जागा सोडून खुर्चीभोवती जमल्या. केस ओले का करायचे, मागचे आधी का कापायचे, चुकलं तर काय करायचं, सगळं विचारून झालं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मॅडमनी फार तपशिलात दिलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी हललं नाही. सर स्टुलावर चढून बघत होते. त्यांनीही दोन प्रश्न विचारले, त्यातला एक बराच बावळट होता.

कट बरा जमला. डाव्या कानामागे थोडा फसला. खाली पडलेले केस बघून मॅडमना रडू आलं, आणि आज आपण खरंच शिकवलं म्हणून हसूही आलं.

"अध्यापन उत्कृष्ट," सर खाली उतरत म्हणाले. "पण एक अडचण आहे. सरावाला वापरलेलं डोकं हे उपकरण. उपकरणच शिकवत असेल तर निदेशकाची गरज उरत नाही. त्यामुळे जूनची नेमणूक मला देता येणार नाही."

मॅडम मानेवरचे केस झटकू लागल्या.

"मात्र तुम्हाला जडसंग्रहात घेता येईल. सातवं डोकं म्हणून. या चार नंबरला मोडीत काढायचा प्रस्ताव मी यायच्या आधीचा आहे, अजून मंजुरी नाही. एकदा आत घेतलेली वस्तू इथून बाहेर जात नाही."

"म्हणजे कायम?"

"कायम."

"आणि पगार?"

"देखभाल खर्चातून."

"रजा?"

"उन्हाळ्यात कापडाने झाकून ठेवतो."

मॅडमनी थोडा विचार केला आणि होकार दिला. घरी नवऱ्याने, बसवराजने, केसांकडे बघत भीत भीत विचारलं, "जूनचं काय झालं?"

"कायम झाले," त्या म्हणाल्या. तो चप्पल पायात सरकवून पेढे आणायला गेला.

जूनमध्ये नवी बॅच आली. मॅडम सहा नंबरच्या शेजारी बसल्या होत्या. मानेवर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला होता.

"मान ताठ ठेवा, बाई," चार नंबर हळूच म्हणाली. "पहिले काही दिवस जड जातात."

एक नवी मुलगी कात्री घेऊन पुढे आली. मॅडमनी डोळे मिटले आणि शिकवायला सुरुवात केली.