चौथ्या नंबरच्या यांगसाहेबांचे तीन किलोमीटर

"गुन्हेगार माझ्या नजरेतून सुटलाय, असं आजवर झालेलं नाही. कारण माझी नजर पडली की माणूस गुन्हेगार ठरतोच."

हे वाक्य आमच्या ह्यांचं. हे म्हणजे ग्वाक दु-शिक. जन्मभर विमा कंपनीत चेपलेल्या बंपरांचे दावे तपासले आणि निवृत्त झाल्या दिवसापासून स्वतःला जोन्जू शहराचे एकमेव खाजगी गुप्तहेर म्हणवू लागले. बुद्धी धारदार, चाल मांजराची, स्मरणशक्ती अफाट, असंही ते सांगतात. चष्मा कुठे ठेवलाय ते तेवढं मला विचारतात.

आम्ही दोघं पहाटेच्या पोहण्याच्या वर्गाला जातो. आमच्या लेनमध्ये सहा जण आणि रांग ठरलेली. पहिला नंबर प्यो ओक-जा ताईंचा. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. जमिनीवर त्यांना नातवापासून शेजारणीपर्यंत सगळे मागे टाकतात. पाण्यात मात्र त्या पुढे आणि आम्ही पाच जण बदकाच्या पिल्लांसारखे मागे. त्या थांबल्या की आम्ही थांबायचं. कुणी कुणाला ओलांडायचं नाही.

सगळं सुरळीत चालू असताना चौथ्या नंबरच्या यांग बोम-सु साहेबांनी पोहलेलं अंतर मोजणारं घड्याळ घेतलं. निवृत्त मुख्याध्यापक ते, आकडा मोठ्याने वाचायची सवय. वर्ग सुटला, आंघोळी झाल्या, की कॉफीच्या मशीनपाशी मनगट वर. इतरांच्या घड्याळात चौदाशे मीटर, यांगसाहेबांच्या घड्याळात दोन हजार दोनशे!

शिकवणारे मिन सर, वय पंचवीस, अक्कल त्याहून लहान. त्यांनी लगेच जाहीर केलं, "महिनाअखेरीला ज्याचं अंतर जास्त, त्याला पहिला नंबर. आकडा खोटं बोलत नाही."

त्या संध्याकाळी प्योताई किमचीची बरणी घेऊन आमच्या दारात.

"दु-शिक भाऊ, मला मागे ढकललं तर मी पोहणंच सोडीन. दुसरीकडे कुठे कुणी माझ्या मागून येतं हो?"

त्यांचे डोळे भरले. माझेही भरले. ह्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि प्रकरण स्वीकारलं.

पहिला सिद्धान्त रात्रीच्या जेवणावर निघाला. "जुळा भाऊ! एक बुडतो, दुसरा वर येतो. दोघांचं अंतर एकाच्या नावावर."

"मग दुसरा तोवर कुठे असतो?"

"तळाशी."

"तासभर?"

"सराव असतो गं."

दुसरा सिद्धान्त असा, की यांगसाहेबांच्या बाजूला तलावच लांब आहे. मापायची फीत घेऊन ह्यांनी बुडी मारली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि काखेत धरून बाहेर काढलं ते यांगसाहेबांनीच.

"संशयित फार दयाळू आहे," हे खोकत म्हणाले. "नक्की काहीतरी काळंबेरं आहे."

मग ठरलं, संशयितावर जवळून पाळत ठेवायची. जागा पुरुषांचं न्हाणीघर, तेही वेषांतर करून.

"अहो, सगळे उघडे असताना वेषांतर कसलं?"

"डोक्यावर टॉवेल घेईन."

तरी यांगसाहेबांनी ओळखलंच. मग जवळ बसायला निमित्त म्हणून ह्यांनी पाठ पुढे केली. शेजारच्याने पाठ पुढे केली तर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. मुकाट्याने हातात खरखरीत कापडी पंजा चढवायचा आणि मळ काढून द्यायचा. हे रोज पाठ देऊ लागले, रोज बारकाईने पाळत ठेवू लागले. आणि यांगसाहेब दोन हजार सहाशेवर गेले. मग तीन हजारांवर! तपास जसा वाढला तसं अंतरही वाढलं. प्योताई कॉफी न घेताच घरी जाऊ लागल्या.

महिना संपायच्या आदल्या दिवशी हे पालथे पडून कण्हत होते. "अगं, पाठीला काहीतरी लाव."

पाठ उकडलेल्या खेकड्यासारखी लाल. "हे काय करून घेतलंत?"

"यांग घासतो. हाडाचा मुख्याध्यापक, एक कण राहू देत नाही. आधी स्वतःला घासतो, मग मला."

"हातात घड्याळ असतं?"

"असतं की. बाहेर येऊन सगळ्यांना दाखवल्याशिवाय बंद नाही करत."

"आणि घासताना आकडा वाढतो?"

"वाढतो ना, डोळ्यांनी बघितलाय. पण त्याचा इथे काय संबंध?"

मी मलमाचं झाकण लावलं.

सकाळी तलावाच्या काठावर मी विचारलं, "सर, प्योताईंच्या मागून पोहणारा चौथा माणूस प्योताईंच्या दुप्पट कसा पोहेल?"

महिनाभर हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. मलाही नाही, कशाला खोटं बोला? मग मी ह्यांना पालथं पाडलं आणि यांगसाहेबांच्या हातात पंजा दिला. ते घासू लागले, हे ओरडू लागले, आणि हात हलला म्हणजे पोहणंच, असं समजून कोरड्या फरशीवर घड्याळाने आकडा दाखवला, "पन्नास मीटर."

यांगसाहेबांचा चेहरा ह्यांच्या पाठीइतका लाल झाला. "मला खरंच वाटलं हो, माझा हात सुधारतोय. मुलीलासुद्धा फोन करून सांगितलं." फार वाईट वाटलं मला त्यांचं.

मिन सर घड्याळाकडे बघतच राहिले. प्योताई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "सर, नियम म्हणजे नियम. जास्त अंतर दु-शिक भाऊंच्या पाठीवर कापलं गेलंय. पहिला नंबर ह्या पाठीला द्या."

सगळे हसले. हे सोडून. ह्यांनी वाकून सगळ्यांचे आभार मानले, रांगेच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि निघालेसुद्धा! अर्ध्या लेनपर्यंत गेले, दोरीला लटकले, आणि मागे आम्ही पाच जण खोळंबलो.

"प्रकरण मीच सोडवलं," हे धापा टाकत म्हणाले. "पुरावा माझ्याच अंगावर होता."

"हो हो. सरका आता," म्हणत प्योताईंनी ह्यांना ओलांडलं. आमच्या लेनमध्ये कुणी कुणाला ओलांडल्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे बाकीचे, आणि चौथ्या नंबरला यांगसाहेब. त्यांचं मनगट मोकळं होतं.