मिलिंद आणि बाबांची पेन्शन

मिलिंदला 'या एकदा जेवायला' असं कधीही म्हणू नये. तो येतो.

जूचंद्रच्या या सोसायटीत आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लिफ्टमध्ये चाळिशीचा एक उंच, नीटनेटका गृहस्थ भेटला. समोरच्याच दारातला. मी मूळची साताऱ्याची, तोंडाला सवय, म्हटलं, "या की एकदा घरी जेवायला!" दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी बेल वाजली. दारात हा, हातात स्वतःचं ताट आणि चमचा. "जेवायला आलो," म्हणाला. मी गार! घरात आमच्यापुरत्या पोळ्या आणि भेंडीची भाजी. तो सरळ माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसला, एक अक्षर न बोलता जेवला, उठून ताट विसळलं आणि जाता जाता म्हणाला, "भेंडी चिकट झाली होती. पोळ्या चांगल्या." इतक्या वर्षांच्या संसारात हे बोलायची माझ्या नवऱ्याची छाती झाली नव्हती. तो बिचारा आतल्या खोलीत जाऊन हसत होता.

संध्याकाळी मिलिंदची आई, पेडणेकर काकू, तांब्याभर सोलकढी घेऊन आल्या. "वैशाली, राग मानू नकोस गं. माणसं तोंडदेखलं बोलतात हे त्याला कळतच नाही. बोललीस म्हणजे बोललीस." मिलिंदला ऑटिझम आहे, हे त्यांना स्वतःलाच तो पस्तिशी ओलांडल्यावर एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं होतं. तोवर शाळेने त्याला हट्टी ठरवलं होतं, नातेवाइकांनी शिष्ट, आणि दोन-तीन साहेबांनी कामावरून काढून टाकण्याच्या लायकीचा.

तेव्हापासून मला धक्के खायची सवय व्हायला हवी होती. झाली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "कोणाला काही बोलायचं असेल तर अगदी मोकळेपणाने बोला." असं म्हटल्यावर बोलायचं नसतं, चहा प्यायचा असतो. मिलिंद उभा राहिला. "तुमच्या घराला टाकीवरून वेगळा पाइप आहे. टँकर आला नाही तरी तुमच्याकडे पाणी असतं." चेअरमनांनी "गैरसमज आहे" म्हटलं. मिलिंद शांतपणे म्हणाला, "खोटं." हा त्याचा आवडता शब्द. आवाज न चढवता, चष्म्यावरची धूळ दाखवावी तसा तो समोरच्याला दाखवतो. आठवड्याभरात तो पाइप निघाला. चेअरमन अजून त्याच्याशी बोलत नाहीत आणि मिलिंदच्या ते लक्षातही आलेलं नाही.

पण काकू एकदा भाजी निवडता निवडता जे म्हणाल्या, त्याने मला सगळ्यात जास्त हादरवलं. "माया नाही गं त्याला. त्याचा दोष नाही, देवाने ती दिलीच नाही. ह्यांना नेलं त्या दिवशी सगळं घर रडत होतं, आणि हा विचारतो, आज आमटी नाही का?" एवढं बोलून त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या. आईनेच मुलाबद्दल इतक्या सरळपणे असं बोलावं?

आता कामाचं सांगते. जवळच्या होळी गावचे जनार्दनभाऊ आपल्या वाडीतली भाजी टेम्पोत घालून आमच्या गेटवर येतात. एकदा सुस्कारा टाकून म्हणाले, "जुड्या बांधायला एखादा माणूस मिळाला तर बरं होईल बाबा." आपण 'हो ना' म्हणतो आणि कोथिंबीर घेतो. मिलिंद म्हणाला, "मी येतो. उद्या." आणि बस पकडून पोहोचलासुद्धा! केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, ओल्या पट्टीने तो जुडी बांधतो, ती देखणी असते. मात्र पिवळी पानं आत लपवायची पद्धत त्याला मान्य नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने एका बाईंना सांगितलं, "घेऊ नका, कालची आहे." जनार्दनभाऊंनी कपाळाला हात लावला. पण काढलं नाही त्याला. "गिऱ्हाइकापासून लांब ठेवला, भाजीजवळ ठेवला," मला म्हणाले. "काम सोन्यासारखं आहे पोराचं." वाडीत मिलिंदला कोणी उगाच हाका मारत नाही. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा त्याचे खांदे खाली आलेले असतात. ते एरवी कानांना टेकलेले असतात.

काकूंची झोप मात्र उडाली. मिलिंदचे वडील सरकारी नोकरीत होते. त्यांची पेन्शन आता काकूंना मिळते, आणि त्यांच्यानंतर ती मिलिंदला जन्मभर मिळू शकते. अट अशी की अपंगत्वामुळे त्याला स्वतःचं पोट भरता येत नसलं पाहिजे. नेमका नियम तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितला, पण सार एकच: कमावता झाला तर पेन्शनीला मुकला. आणि वाडीचं काम उद्या सुटलं तर? पेन्शनही नाही आणि पगारही नाही. "तेलही गेलं, तूपही गेलं," काकू म्हणायच्या आणि पुढचं धुपाटणं गिळायच्या.

जनार्दनभाऊंनी तोडगा काढला. "रोख देतो. नाव कुठं लावत नाही. कोणाला कळतंय?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. हे गुपित कोणाला सांभाळायचं आहे, याचा विचार आम्हा शहाण्यांपैकी एकानेही केला नाही.

नोव्हेंबरात काकूंना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायचं होतं. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी जाऊन दाखवायचं, ही पेन्शनरांची रीतच आहे. काकूंचे गुडघे दुखत होते, म्हणून मीही सोबत गेले. रिक्षात त्यांनी मिलिंदला बजावलं, "तिथे गप्प बसायचं." तो म्हणाला, "बरं."

तो गप्प बसलाही. अंगठा झाला, सही झाली. काउंटरवरच्या गोड मुलीने कागद परत देताना सहज विचारलं, "मुलगा काय करतो, आजी?"

"काही नाही गं, घरीच असतो. त्याला काही जमत नाही."

"खोटं," मिलिंद म्हणाला. "मी होळी गावात, वाडीत जुड्या बांधतो. रोज. पैसे रोख मिळतात, कोणाला कळू नये म्हणून."

काकूंनी काउंटर धरला. ती मुलगी मात्र हसून म्हणाली, "अरे वा, छानच की! मी आपलं सहज विचारलं." तिने पुढच्याला हाक मारलीसुद्धा. तिला यातलं काही नोंदवायचंच नव्हतं.

बाहेर आल्यावर काकूंचा बांध फुटला. भर रस्त्यात. "उद्यापासून वाडी बंद! कळतंय का तुला? माझ्यानंतर तुला कोण खायला घालणार? बाबांची पेन्शन जन्मभर मिळेल, फक्त घरी बस!"

मिलिंद पुढेमागे डुलू लागला. मग म्हणाला, "ती पेन्शन मला कधी मिळते?"

"सांगितलं ना, माझ्यानंतर."

"म्हणजे तू मेल्यावर."

"मिलिंद!" मी ओरडले. पानवाल्याच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"वाडीचे पैसे तू असताना मिळतात," तो म्हणाला. त्याची नजर नेहमीसारखी कुठेतरी विजेच्या खांबावर होती. "तू मेल्यावर मिळणारं मला काही नको."

मी आजवर खूप धक्के खाल्ले त्याच्याकडून, पण असा नाही. चाळीस वर्षं काकू ज्याची वाट बघून थकल्या होत्या आणि शेवटी जे नाहीच म्हणून मोकळ्या झाल्या होत्या, ते या रस्त्यावर, पेन्शनीच्या हिशेबात, त्यांच्या हाती आलं होतं. नियम तोच होता, भीतीही तीच होती. पण त्या आता वेगळ्याच रडत होत्या. त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही, त्याला ते सहन होत नाही. पदराने नाक पुसत एवढंच म्हणाल्या, "उद्या वाडीवर जाताना स्वेटर घाल. सकाळी गार असतं."

"बरं," मिलिंद म्हणाला.

मी रिक्षा थांबवली. रिक्षावाला इथला जूचंद्रचाच, म्हातारा. काकूंचे डोळे बघून त्याने मीटर टाकायचं थांबवलं आणि हळूच विचारलं, "कोन गेलं काय हो?"

"कोणी नाही," मिलिंद आत सरकत म्हणाला. "आई आहे."