भिंतीतली दोन भोकं

तात्या हवालदारांनी मला फसवलं. मला! सांगलीच्या बाजारात हळदीचं कांडं मोडताना येणाऱ्या आवाजावरून भाव सांगणाऱ्या माणसाला.

आमच्या दोघांच्या प्लॉटांच्या मधे कंपाउंडची भिंत घालायची होती. हद्दीवरून दिवसभर घासाघीस करायच्या तयारीनं मी गेलो. तात्या म्हणाले, "भित सगळी माज्या जागंत घाला. फकस्त खाली दोन भोकं ठेवा."

फुकटच्या मालाला कारण विचारायचं नसतं. मी लगेच हो म्हटलं.

तात्या म्हसवडकडचे, पलटणीतून निवृत्त. अंगणात गवत गुडघाभर. पाचोळा पेटवायचा नाही. शेवग्याचं वाळकं खोड पाडायचं नाही, कारण ढोलीत पिंगळ्याची जोडी. "फॅमिली क्वार्टर हाय त्ये!" न्हाणीपाशी बसणारा बेडूक म्हणजे पहाऱ्यावरचा संत्री आणि भोकातून माझ्याकडं येणारा मुंगूस म्हणजे सुभेदार.

या सुभेदारानं माझी विकतची हिरवळ उकरली. मी तरातरा गेलो.

"तात्या, तुमचं जनावर आवरा!"

"आवं शेठ, मुळं कुरतडणारी हुमणी खातंय त्ये. मजुरी मागितली का?"

"माझी हद्द आहे ती!"

"त्येला सातबारा वाचता येत न्हाई. बसा, च्या घ्या."

कप दोन, आधीच मांडलेले. पुढं धामण आली, भांडण, चहा. बेडकांनी व्हरांडा भरला, भांडण, चहा. घरी येऊन बायकोला सांगायचो, "लय चिवट म्हातारा आहे."

शेवटी परवा मी दोन्ही भोकांत विटा बसवून सिमेंट मारलं. तासाभरात तात्या स्वतः माझ्या दारात. मी बाह्या सरसावल्या. ते भिंतीपाशी उकिडवे बसले आणि ओल्या सिमेंटवरून बोट फिरवत राहिले.

"सुभेदार काय, भितीवरनं उडी मारंल," ते म्हणाले. "पर तुमी? आता कशापायी येनार?"

त्यांची बायको वारलेली, दोन्ही मुलं मुंबईला. फाटकाला कुलूप कधीच नसतं. आत जाणारा मात्र मी एकटाच.

विटा मी माझ्या हातानं उपटल्या. शिव्या देत उपटल्या.

सौदा हरलो, ते सोडा. पण भांडायला का होईना, कुणी दारात यावं म्हणून या माणसाला शेजाऱ्याला जमीन द्यावी लागली. तात्यांच्या मुलांनो, मुंबईहून या आणि याचा जाब द्या. फोनवर नाही. इथं, माझ्यासमोर.