आपला इरोध लिहून घ्या

आज बुधवार आहे, असे कोणी सांगितले तरी नामदेवतात्या प्रथम विरोध नोंदवीत आणि मगच पंचांग मागवीत. विहीर खोदायची असो वा शाळेला खिडक्या बसवायच्या असोत, ग्रामसभेत एक हात ठरावाविरुद्ध वर जाणारच. "आपला इरोध हाय, लिहून घ्या!"

बी.एस्सी. होऊन मी कळमनुरीजवळच्या त्या गावी विज्ञान शिकवीत होते, डोळे एम.एस्सी.कडे लागलेले. तात्या माझे शेजारी. पृथ्वी फिरते असे मी शिकवते, हे कळताच ते कुंपणापाशी आले. "बाई, ती फिरून राहिली, तर माझं घर रोज तुमच्या डाव्या हातालाच काहून?" तासभर वाद झाला. परतताना त्यांचा चेहरा उजळला होता.

त्याच वर्षी गायरानाचा प्रश्न पेटला. गावाची ती एकमेव मोकळी जमीन एका व्यापाऱ्याला कापसाच्या जिनिंग गिरणीसाठी हवी होती आणि सरपंच त्याच्या बाजूचे होते. ती गेली, तर गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची जनावरे चरणार कुठे? गावात सारख्या बळाचे दोन तट पडले. सरपंच धूर्त, त्यांनी ठराव मुद्दाम उलटा मांडला: 'गायरान जनावरांसाठीच राखावे.' म्हणजे तात्यांचा विरोध आपोआप त्यांच्या पदरात!

मग तात्यांच्या ओट्यावर रीघ लागली. तांड्याचे नाईक हात जोडून गेले. तात्यांनी पवित्रा बदलू नये म्हणून सरपंचही जाऊन बसले. तात्या कुणालाच दाद देईनात.

सभेत हात मोजण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोजले, पुन्हा मोजले. बरोबरी! दोन्ही वेळा तात्यांचे हात मांडीवरच.

"तात्या, तुमचा इरोधच ना? लिहू का?" सरपंच हसत म्हणाले.

"लिवा की. तुमाला इरोध."

"मला न्हाई, ठरावाला म्हणा!"

"ठराव बराबर हाय," तात्या उठले आणि हात वर केला. "मंजूर."

तांड्यावरच्या बायकांनी अशी आरोळी ठोकली, की बाहेर बांधलेले बैल दावी ओढू लागले. मोजणाऱ्याने तटस्थ राहावे हे विसरून मीही टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर कुणी नव्हते. कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, मी गेले.

"व्हय म्हणणाऱ्याच्या दारी कोण येतंय, बाई? न्हाई म्हणलं की समदे समजवाया येतेत. घडीभर बसतेत."

"मग काल 'मंजूर' का म्हणालात?"

"दुपारी गुराखी गायरानात टेकतेत. मी जातो. भांडतेत माझ्याशी. मशीन काय भांडल का?"

मी हसले. ते हसले नाहीत. "बसा, चहा टाकतो," म्हणत त्यांनी चार कपबशा मांडल्या. मी एकटीच आले आहे, हे मी त्यांना सांगितले नाही.