लतीफचाचांचं विस्बी

आमच्या शेजारचे लतीफचाचा जगातली कुठलीही गोष्ट विस्बीशी ताडून बघितल्याशिवाय सोडत नाहीत. विस्बी हे बंदराचं जुनं गाव, लांब उत्तरेला स्वीडनच्या एका बेटावर. मला ते या जन्मी कळलं नसतं, पण इथे ओमानमध्ये, सीबला, चाचांच्या दारासमोर आमचं दार आहे. एसी बंद पडला की सगळी बिल्डिंग जिन्यात येऊन घाम पुसते. चाचा शांतपणे म्हणतात, "विस्बीत या दिवसांत स्वेटर लागतो."

माझे मिस्टर मवालेहच्या भाजीबाजारातून पिकअपने माल पोचवतात. एकदा त्यांनी चाचांना चांगले टोमॅटो आणून दिले. चाचांनी एक टोमॅटो तळहातावर फिरवून पाहिला. "विस्बीत गुलाब एवढाले असतात."

"मग आमटीत गुलाब घाला," मिस्टर म्हणाले.

चाचा रत्नागिरीकडचे. तरुणपणी मालवाहू जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. इंजिन बिघडलं म्हणून त्यांचं जहाज विस्बीला थोडे दिवस थांबलं, तेवढाच काय तो संबंध. पुढे ओमानला येऊन एका कंपनीच्या मेसमध्ये डाळभात शिजवण्यात हयात गेली. बाकीची बंदरं ते एका शब्दात संपवतात. हॅम्बर्ग? पाऊस. सिंगापूर? दुकानं, खलास.

विस्बीचं मात्र तसं नाही. एकदा मी कणीक मळत होते. चाचा मीठ मागायला आले आणि माझ्याच कणकेचा पोळपाटावर तट घालून बसले. "हा बघ बाय, गावाभोवती दगडी तट. आपल्या किल्ल्यासारखा, पण आत माणसं राहतात, खिडक्यांना पडदे लावतात. ही छप्पर उडालेली चर्चं. ह्या गल्ल्या उताराने थेट बंदरात." बंदरासाठी त्यांनी अजून एक गोळा मागितला. मी दिला. मला नाही म्हणता येत नाही. त्या दिवशी मिस्टर जेवायला आले तेव्हा विस्बी तयार होतं, पोळ्या नव्हत्या.

हमीदाचाची म्हणतात, "लोकांना बाईमाणूस सवत मिळते, मला दगडी तट मिळाला."

मग त्यांच्या जावेदला स्टॉकहोमला नोकरी लागली आणि त्याने आईबापांना बोलावलं; तिथून बोटीने विस्बी गाठता येतं. चाची म्हणाल्या, ईद झाली की जाऊ. चाचा म्हणाले, नाही, रमजानातच जायचं. रमजान त्या वर्षी जूनमध्ये होता.

चाचींनी मला मध्ये ओढलं. "तूच सांग बाय. तिथं रात्री दहापर्यंत सूर्य बुडत नाही, हेच सांगतात. इथं सातला रोजा सुटतो. वर यांना शुगर. मुसाफिराला रोजा माफ आहे, तो तरी धरू नका."

"मला माफी नको," चाचा म्हणाले.

"मग काय हवंय?"

"रमजान मागे मागे सरकत परत जूनमध्ये आलाय. पुढच्या वेळी येईल तेव्हा मी असेन काय?"

रात्री मला त्यांच्या घरातून बॅग काढल्याचा आवाज आला.

ईदनंतर दोघं परतली. बिल्डिंग ऐकायला टपली होती. चाचा एवढंच म्हणाले, "बरं आहे गाव. थंडी होती." मिस्टरांनी कलिंगड नेऊन मुद्दाम विचारलं, "विस्बीत कलिंगड कसं असतं?"

"नसतं," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मला चैन पडेना. एका संध्याकाळी चाची बाजारात, सूकमध्ये, गेल्या असताना मी थालीपीठ द्यायला गेले. चाचांनी ताटली घेतली, पण मला जा म्हणाले नाहीत.

"तू खोदून विचारत नाहीस, म्हणून तुला सांगतो. जहाज थांबलं तेव्हाही रमजान जूनमध्येच होता. मी बंदरातल्या बाकावर खजूर घेऊन बसायचो, सूर्य बुडायची वाट बघत. एक म्हातारी शेजारी येऊन बसली. तिने मला पाव पुढे केला. मी सूर्याकडे बोट दाखवलं, म्हणजे तो बुडाल्यावर खाईन. तिला काय समजलं कोण जाणे, तिने आपलाही पाव कागदात परत गुंडाळला. सूर्य बुडाल्यावर दोघांनी खाल्लं. मग रोज यायची. बोलणार काय, भाषाच नव्हती."

चाचांनी थालीपिठाची ताटली बाजूला ठेवली.

"एका दुपारी इंजिन सुरू झालं आणि जहाज सुटलं. तिला सांगणार कसं? ती आली असणार, बाय. पाव गुंडाळून बसली असणार."

"आणि या वेळी?" मी विचारलं.

"ती कुठली असायला. मी त्याच जागी बसलो, बाक नवा होता. सूर्य बुडाला. जावेद म्हणतो, अब्बा, वेळ झाली, खजूर घ्या. वेळ झाली की रोजा लगेच सोडायचा असतो, ते मला काय ठाऊक नाही? पण अंधार पडेपर्यंत खजूर हातातच धरून बसलो. जहाज सुटलं त्या दिवशी ती माझी वाट बघून किती वेळाने उठली असेल, ते मला कुठं माहीत आहे?"