पश्चिमेकडे उतार

रंगनाथ खळदकरांनी निवृत्तीनंतर घरच्या घरी सीएनसी मिलिंग मशीन बनवायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या पत्नी हेमाताईंनी विरोध केला नाही. फक्त समजून घ्यायचा प्रयत्न केला.

"ते करतं काय?"

"कॉम्प्युटर सांगेल तसा धातू कोरतं. केसाइतकीसुद्धा चूक होत नाही."

"आणि आपण काय कोरायचं?"

"मशीनचे पार्ट."

"कुठल्या मशीनचे?"

रंगनाथरावांनी जरा विचार केला. "याच्याच. पुढच्या व्हर्जनचे."

चिंचवडच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासली होती. स्वतः मशीन असं कधी बनवलं नव्हतं. पण चुका काढण्याचा अनुभव इतका दांडगा होता, की चुका वगळल्यावर जे उरेल ते मशीनच असणार, असा त्यांचा हिशोब होता. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून त्यांनी डिझाइन सुरू केलं. काढणारे तेच आणि तपासणारेही तेच, त्यामुळे काम सावकाश चाललं. सकाळी काढलेला भाग संध्याकाळी पाहून ते चिडत. हा असा मूर्खपणा कुणी केला, ते त्यांना माहीत असे.

मशीन चालताना थरथरू नये म्हणून त्याची बैठक जड हवी होती. नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमधून त्यांनी ती करून आणली. लोखंडी चौकट, आत ठासून काँक्रीट आणि वर घासून सपाट केलेली पोलादी प्लेट. लिफ्टने ती घ्यायला नकार दिला. मग हमालांनी ती जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढवली आणि माणसाने तळमजल्यावर राहण्याचे फायदे वाटेत दोनदा समजावून सांगितले.

आता बैठक अगदी समपातळीत बसवायची होती. रंगनाथरावांनी कपाटातून स्पिरिट लेव्हल काढली. कंपनीतली, खास कामाची. लेव्हल ठेवली आणि नळीतला बुडबुडा सरळ पूर्वेच्या, म्हणजे उंच बाजूला जाऊन बसला. त्याचा अर्थ जमीन पश्चिमेकडे उतरती होती. त्यांनी लेव्हल हॉलमध्ये ठेवली. पश्चिम. स्वयंपाकघरात ठेवली. पश्चिम. शेवटी जिन्याच्या लँडिंगवर ठेवून ते वाकून बघत असताना सोसायटीचा सेक्रेटरी गंधार वर आला. तो आयटीत होता आणि बहुतेक वेळ घरूनच काम करायचा.

"काका, काय चेक करताय?"

"उतार. सगळीकडे पश्चिमेलाच येतोय. आश्चर्य आहे."

गंधार जबाबदार मुलगा होता. त्याने लगेच ग्रुपवर लिहिलं, 'बिल्डिंगला वेस्ट साइडला पॉसिबल टिल्ट आहे. प्लीज कोणी पॅनिक होऊ नये.' शेवटचं वाक्य वाचेपर्यंत कोणी पॅनिक झालेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत 'मुक्ताई हाइट्स'मधल्या प्रत्येक घरात जमिनीवर लिंबू ठेवून झालं होतं. ग्रुपवर लिंबांचे व्हिडिओ आले. एकीच्या कपाटाचं दार आपोआप उघडायचं, त्याचं कारण तिला आज कळलं. एकाला गेलं वर्षभर चक्कर येत होती, त्याने डॉक्टरांना बोल लावला.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा पोकळे आले. इमारतीखालची धायरीतली जमीन मूळची त्यांची. बिल्डरकडून वाट्याला आलेल्या फ्लॅटपैकी खालचा एक ते विकायला निघाले होते, कारण मुलगी दातांची डॉक्टर झाली होती आणि तिला दवाखाना काढून द्यायचा होता.

"खळदकर साहेब, बिल्डिंगला माझ्या आईचं नाव हाय. या जमिनीत माझ्या आज्यानं ज्वारी केली. एक ताट कधी वाकडं उगवलं न्हाय."

"मी जमिनीबद्दल नाही, फरशीबद्दल बोललो."

"गिऱ्हाइकाला फरक कळत न्हाय. काल टोकन द्यायला आला, तर खिशात लिंबू. ठिवलं. घरंगळलं. गेला."

"लिंबू?"

"गिऱ्हाईक."

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. रंगनाथरावांनी उताराचा आकडा सांगितला आणि एवढ्याने इमारत पडत नाही, हेही सांगितलं.

"काका, तुम्ही शंभर टक्के गॅरंटी देता?" गंधारने विचारलं.

रंगनाथरावांनी उभ्या आयुष्यात कशाचीच शंभर टक्के गॅरंटी दिली नव्हती. "गणितात तसं काही नसतं," ते म्हणाले.

सभेने जे ऐकायचं ते ऐकलं. खबरदारी म्हणून जड सामान पूर्वेच्या बाजूला हलवण्याचा ठराव झाला. दुपारभर इमारतीत कपाटं सरकत होती. फ्रिज हॉलमध्ये आले. गच्चीवरची पश्चिमेची टाकी रिकामी करण्यात आली, त्यामुळे खडकवासला धरण काठोकाठ भरलेलं असताना 'मुक्ताई हाइट्स'ला पाणी दिवसातून एकदाच येऊ लागलं. एका कुटुंबाने तर सासूबाईंनाही पूर्वेकडच्या छोट्या खोलीत हलवलं आणि त्यांनी विचारल्यावर सोसायटीचा ठराव दाखवला.

हेमाताईंना भाजीच्या गाडीवर बायका भेटत.

"तुमच्या ह्यांच्यामुळे आम्ही फ्रिजला वळसा घालून टीव्ही बघतो."

"मी रोज ह्यांना वळसा घालते," हेमाताई म्हणत आणि कोथिंबीर निवडत.

शेवटी सोसायटीने उत्कर्षा नावाच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. तिने तिकाटण्यावर यंत्र लावून इमारतीचे चारही कोपरे खालून वरपर्यंत तपासले आणि इमारत सरळ असल्याचं सांगितलं. लोकांची निराशा झाली. रंगनाथराव मात्र तिला आग्रहाने वर घेऊन गेले. मागोमाग गंधार आणि दत्तोबाही आले.

"ही बघा," रंगनाथराव म्हणाले. बुडबुडा पश्चिमेचा उतार दाखवत होता.

उत्कर्षाने लेव्हल उचलली, टोकं उलटसुलट केली आणि त्याच जागी ठेवली. बुडबुडा तितक्याच निष्ठेने पूर्वेचा उतार दाखवू लागला.

"सर, ही कधी पडली होती का?"

"पडली होती," रंगनाथराव म्हणाले. "पण लगेच उचलली होती."

लेव्हल वापरण्याआधी उलटी करून तपासायची, हे त्यांनी कंपनीत दोन पिढ्यांना शिकवलं होतं. घरी दुसरं कोणी शिकायला नसल्यामुळे ते राहून गेलं. लिंबांचं म्हणाल, तर ती चारही दिशांना गेली होती. पण पूर्वेला गेलेल्या लिंबाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकावा, असं कोणाला वाटलं नव्हतं.

"लेव्हल माझी चुकली, दत्तोबा," रंगनाथराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "त्या गिऱ्हाइकाचा नंबर द्या. मीच सांगतो."

दत्तोबांनी नंबर दिला. रंगनाथरावांनी सगळ्यांसमोर फोन लावला आणि आपली चूक कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितली. पलीकडच्या माणसाने बराच वेळ ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे इंजिनिअरने तपासलेली बिल्डिंग आहे? आजूबाजूला कोणाकडेच नाही हो." आठवड्याभरात फ्लॅट गेला.

उत्कर्षाने जाताना एकच सूचना केली होती. इमारतीला धोका नाही, पण एवढी जड वस्तू दुसऱ्या मजल्याच्या खोलीत ठेवू नये. हमाल परत आले. बैठक खाली उतरवून त्यांनी पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवली आणि ओळखीचा माणूस म्हणून तळमजल्याचे फायदे पुन्हा सांगितले नाहीत.

रंगनाथरावांनी लेव्हल दुरुस्त करून घेतली, उलटी करून तपासली, दोनदा तपासली, आणि बैठक बोल्टांवर अशी बसवली की बुडबुडा मध्यभागी जाऊन स्तब्ध झाला. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुढच्या भागाचं ड्रॉइंग घेऊन खाली गेले, तर बैठकीवर कॅरम मांडलेला होता. भोवती खुर्च्या टाकून दत्तोबा आणि सोसायटीतले तिघे ज्येष्ठ खेळत होते.

"दत्तोबा, ही मशीनची बैठक आहे."

"हाय की. अख्ख्या बिल्डिंगमधी खात्रीनं सपाट जागा हीच एक. तुमीच सगळ्यांला सांगितलं."

"पण मला काम सुरू करायचंय."

"करा. तेवढा ह्यो बोर्ड होऊ द्या."

बोर्ड झाला. मग दुसरा झाला. रंगनाथराव ड्रॉइंगची गुंडाळी काखेत धरून उभे राहिले. सोंगट्या कुठेही न ढळता, अगदी आखल्यासारख्या सरळ जात होत्या. तिसऱ्या बोर्डाला एकाला औषध घ्यायला घरी जावं लागलं आणि त्याची खुर्ची रिकामी झाली.

अंधार पडल्यावर ते वर आले.

"मशीन कुठवर आलं?" हेमाताईंनी ताट वाढत विचारलं.

"डिझाइनमध्ये थोडा बदल करतोय."

"आता काय चुकलं?"

"चारही बाजू आतून मोकळ्या हव्यात," रंगनाथराव म्हणाले. "बसल्यावर गुडघे आपटतात."