भागवतच्या शेततळ्यातलं लोखंड

कॉलेजच्या शिखा मॅडम परीक्षा घ्यायला केदारखेड्यात पोचल्या आणि नेमकं तेव्हाच मीनाचं मशीन बिघडलं.

थर्माकोलच्या तराफ्यावरचं हे मशीन पाण्याखालचं लोखंड हुडकायचं. लोखंडाची अगदी बारीक चुंबकीय खूणही कळावी म्हणून मीनाने दीड महिना ते वडिलांच्या शेततळ्यात फिरवून कॉम्प्युटरला शिकवलं होतं, रिकामं पाणी कोणतं आणि लोखंडाचं कोणतं. शिकला बिचारा. आज मात्र तो जाईल तिथे लोखंड म्हणून बोंबलत होता.

"अख्ख्या तळ्यात लोखंड आहे का गं?" मॅडमनी विचारलं. मीनाचे डोळे भरले.

ते बघून तिच्या आईला, उषाबाईंना राहवलं नाही. "मॅडम, चूक माझी हाये. नजर लागू न्हाई म्हनून पह्यल्याच दिवशी मशीनखाली खिळा बांधल्ता. तुम्ही हसतान म्हनून सकाळी काढला."

मॅडम हसल्याच. "म्हणजे खिळ्यासकट असतं तेच त्याला रिकामं पाणी वाटतं. बांधा परत."

खिळा बांधला आणि मशीन शहाण्यासारखं गप्प झालं. मॅडमनी सोडलेल्या लोखंडी वजनावर बरोबर वाजलं. मग मीनाने कधी तराफा न नेलेल्या मोटारीच्या कोपऱ्यात, काहीच टाकलं नव्हतं तिथेही वाजलं. मॅडमचा पेन थांबला.

"हे चुकलं असेल तर पास नाही करता यायचं, मीना."

मीनाच्या बापाला, भागवतला घाम फुटला. दोन वर्षांपूर्वी मोटार दुरुस्त करताना शेजारच्या अप्पारावचा मोठा पाना त्याच्या हातून तिथेच पडला होता. गळ टाकावा तर तळाचा प्लास्टिक कागद फाटणार, बुडी मारावी तर गाळात नेमकी जागा सापडेना. म्हणून 'पाना परत दिला' असं तो गावभर शपथेवर सांगत आला होता. आणि अप्पाराव आता तमाशा बघायला बांधावरच उभा! पण पोरीचं तोंड बघून भागवतचं काळीज हललं.

"मॅडम, मशीन बराबर हाये. तिथं अप्पारावचा पाना हाये. दिला म्हनलो, त्ये खोटं व्हतं."

कमरेला दोर बांधून तो उतरला आणि गंजलेला पाना घेऊन वर आला. मॅडमनी पास लिहिलं. मीना रडत रडत ओल्या बापाला बिलगली.

आता भांडण जुंपणार म्हणून सगळे अप्पारावकडे बघू लागले. त्याने पाना उलटा-पालटा करून पाहिला, घसा खाकरला.

"मीना, ह्ये मशीन आमच्या तळ्याकडं आनू नको बरं."

अंग पुसता पुसता भागवतने मान वर केली.

"अप्पाराव, चोरीला गेली म्हनलास ती माझी पहार?"